स्कायरिममध्ये राक्षस होऊन अख्खा गेम खेळायचा आहे: अंगाआधी गटाचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आर्वीजवळच्या गावात राहतो, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्कायरिम स्पेशल एडिशनमध्ये कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ट्रोल (गेममधला रानटी राक्षस) झालो. दिसायला ट्रोल झालो, पण पहारेकरी नेहमीसारखेच बोलतात आणि रानातले ट्रोल माझ्यावरच धावून येतात. तलवार हातात धरता येत नाही, फर्स्ट पर्सनमध्ये (पात्राच्या डोळ्यांतून बघायला) गेलं की कॅमेरा बिघडतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत राक्षस म्हणून खेळता येईल असा मॉड (गेममध्ये आपण केलेला बदल) करायचा आहे. आपल्या भागातला राक्षस टाकता येईल का? लॅपटॉप आय-थ्री, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही."

भाऊ, तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तू ट्रोल झालास तरी गेममधल्या व्हाइटरन शहराचा पहारेकरी तुला कालच्यासारखाच बोलतो, आणि ट्रोल तुला परका धरतो. कारण गेम तुझं तोंड बघत नाही, तू कोणत्या गटाचा आहेस ते बघतो. मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास चालवतो. आमच्याकडचे पोट्टे मॉड करायला बसले की सगळा जीव दात, शिंगं आणि कातडीवर लावतात. दिसायला छान होतं, पण खेळायला बसले की कंटाळतात, कारण गावातल्या कोणालाच त्याचं काही पडलेलं नसतं. राक्षस म्हणून खेळायची मजा आपण कसे दिसतो यात फार कमी आहे. जग आपल्याशी कसं वागतं, कुठलं दार आपल्याला बंद आहे, कोण आपल्याला घरात घेतो, यात ती खरी आहे. म्हणून माझं सगळ्या उत्तरात एकच सांगणं राहील: वेळेचा मोठा वाटा जगाच्या वागण्यावर घाल, अंगाचं काम जेवढ्यास तेवढं ठेव.

आधी हे समजून घे की हे स्कायरिममध्ये शक्य तरी का आहे. याच मालिकेतल्या 2002 च्या मॉरोविंडमध्ये आणि 2006 च्या ऑब्लिव्हियनमध्ये माणूस आणि प्राणी या दोन वेगळ्या प्रकारच्या नोंदी होत्या. खेळाडूची नोंद माणसाच्या खात्यात, ट्रोल-लांडगे प्राण्यांच्या खात्यात. एका खात्यातून दुसऱ्यात उडी मारायची सोय नव्हती, म्हणून तिथे राक्षस व्हायचं तर माणसाच्याच सांगाड्यावर राक्षसाचं सोंग चढवावं लागायचं. 2011 च्या स्कायरिममध्ये ही दोन खाती एकत्र आली. कोंबडीपासून ड्रॅगनपर्यंत सगळे एकाच प्रकारचे अ‍ॅक्टर, फरक फक्त 'रेस' या नोंदीचा. रेसमध्येच सांगाडा, चालण्या-मारण्याच्या हालचालींची फाइल, कातडी, उंची आणि जन्मजात शक्ती लिहिलेल्या असतात. म्हणूनच कन्सोलवर 'प्लेअर.सेटरेस' लिहून पुढे रेसचं नाव दिलं की तू क्षणात ट्रोल होतोस. खेळाडूसाठी अधिकृत रेस 10 च आहेत, पण इंजिनाला त्या दहांचं काही विशेष नाही.

गट मात्र रेसमध्ये नसतात. 'फॅक्शन' प्रत्येक पात्राला वेगळे जोडलेले असतात, आणि तुझ्या पात्राला रेस बदलल्यावरही जुनेच राहतात. झालं, तुझ्या पहिल्या दोन्ही तक्रारींचं कारण हे.

तलवार आणि कॅमेऱ्याच्या तक्रारी वेगळ्या आहेत, त्या सांगाड्याच्या. ट्रोलच्या सांगाड्याला आणि हालचालींना शस्त्र माहीतच नाही. आणि फर्स्ट पर्सनसाठी गेममध्ये वेगळे हात, वेगळा सांगाडा, वेगळ्या हालचाली बनवलेल्या आहेत, त्या फक्त माणसाच्या साच्याच्या रेसना. मूळ गेममधला वेअरवुल्फ (माणूस-लांडगा) आणि डॉनगार्ड या जोडभागातला व्हँपायर लॉर्डसुद्धा थर्ड पर्सनमध्येच (पात्र बाहेरून दिसतं तसे) चालतात, ते याच कारणाने.

त्यामुळे तुला पहिल्याच दिवशी एक निर्णय घ्यावा लागेल. एक रस्ता असा की माणसाचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि वरची कातडी, डोकं, उंची राक्षसाची करायची. क्रिएशन किटमध्ये (मॉड बनवायचं अधिकृत साधन) नॉर्डची, म्हणजे माणसांपैकी एक, रेस उघडायची, तिची वेगळ्या आयडीने नक्कल करायची, आणि त्या नकलेत 'स्किन' च्या जागी आपलं अंग, हेड पार्टमध्ये आपलं डोकं लावायचं. उंचीचा आकडा तिथेच असतो, नॉर्डचा 1.03 आहे, हाय एल्फचा 1.08. यात तलवार, धनुष्य, फर्स्ट पर्सन, घोड्यावर बसणं, चिलखत, सगळं चालतं. दुसरा रस्ता म्हणजे खऱ्या प्राण्याचा सांगाडा घ्यायचा: ट्रोल, जायंट, स्प्रिगन. यात चालण्याचा डौल खरा राक्षसाचा मिळतो, पण शस्त्र, चिलखत, फर्स्ट पर्सन यांवर पाणी सोडावं लागतं आणि मारण्याच्या हालचाली बटणाला स्वतः जोडाव्या लागतात. बटण दाबलं की गेम 'अ‍ॅक्शनराइटअटॅक' अशी एक हाक देतो. ती हाक त्या प्राण्याच्या कोणत्या हालचालीला जोडायची हे गेमप्ले मेन्यूतल्या अ‍ॅनिमेशन्सच्या खिडकीत ठरतं. वेअरवुल्फचं तिथलं झाड उघडून शेजारी ठेव आणि बघत बघत कर, त्याशिवाय डोक्यात बसत नाही.

पहिल्या मॉडसाठी मी पहिलाच रस्ता सांगीन. अगदीच प्राण्याचा सांगाडा हवा असेल तर ड्रॉगर (थडग्यातलं चालतं प्रेत) घे, कारण तो दोन पायांवर चालतो, तलवार-कुऱ्हाड-धनुष्य सगळं वापरतो. ड्रॅगनच्या नादी पहिल्यांदा लागू नको. त्याचं उडणं एआयच्या भरवशावर चालतं, तुझ्या बटणांच्या नाही.

आणि एक गोष्ट सगळेच करतात ती टाळ. रेसच्या नोंदीत 'प्लेएबल' वर टिक मारली की पात्र बनवायच्या पडद्यावर ती रेस दिसायला लागते, म्हणून सगळे आधी तिथे धावतात. तो पडदा चेहऱ्याच्या भागांवर उभा आहे. ट्रोलला नाक-डोळे-ओठ असे वेगळे हेड पार्ट नाहीत, त्यामुळे तिथे गडबड होते, कधी गेमच बंद पडतो. माणसाच्या साच्याची रेस असेल तरच 'प्लेएबल' कर. प्राण्याच्या सांगाड्याची असेल तर आधी कोणतंही माणसाचं पात्र बनवायचं आणि मग स्क्रिप्टने रेस बदलायची.

स्क्रिप्टसाठी गेममध्येच एक उत्तम पाठ्यपुस्तक आहे: वेअरवुल्फची स्क्रिप्ट, 'प्लेअरवेअरवुल्फचेंजस्क्रिप्ट'. क्रिएशन किट स्टीमवर मोफत मिळतं, पण स्क्रिप्टचे मूळ मजकूर डेटा फोल्डरमधल्या 'स्क्रिप्ट्स' नावाच्या झिपमध्ये बांधलेले असतात. ती झिप उकलली नाही तर क्रिएशन किटला मूळ मजकूर सापडत नाही, तुझी साधी दोन ओळींची स्क्रिप्टही कंपाइल होत नाही, आणि पोट्टे दिवसभर आपल्या ओळीत चूक शोधत बसतात. झिप उकल, ती फाइल उघड, आणि सावकाश वाच. त्यात आणि तिच्या जोडीच्या वेअरवुल्फच्या स्क्रिप्टांत खेळाडूची मूळ रेस जपून ठेवलेली दिसेल, कंट्रोल काही क्षण बंद केलेले दिसतील, अंगावरचं सामान उतरवलेलं दिसेल, आणि मग 'सेटरेस'. त्यापुढची गोष्ट नीट बघ: रेस बदलायला थोडा वेळ लागतो, म्हणून पुढचं काम 'ऑनरेसस्विचकंप्लीट' ही घटना आल्यावरच केलेलं आहे. नवशिक्यांच्या मॉडमध्ये शक्ती कधी मिळतात, कधी मिळत नाहीत, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं की रेस बदलून व्हायच्या आतच त्यांनी स्पेल (मंत्र-शक्ती) द्यायला सुरुवात केलेली असते.

त्याच स्क्रिप्टमध्ये 'सेटबीस्टफॉर्म' नावाची एक आज्ञा आहे. ती तुझ्या मॉडमध्ये आणू नको. वेअरवुल्फचं रूप सुरुवातीला अडीच मिनिटांचं असतं, त्यामुळे तेवढ्यात सामानाची पेटी उघडली नाही की चालतं. तुला अख्खा गेम खेळायचा आहे, सामान आणि बोलणं बंद करून कसं भागेल?

आता गटाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मॉडचा जीव इथे आहे.

प्रत्येक पात्राला एक 'अ‍ॅग्रेशन' असतं, शून्य ते तीन. शून्यवाला आपणहून कोणावर जात नाही. एकवाला शत्रू गटावर जातो. दोनवाला शत्रूवर आणि अनोळखीवरही जातो. तीनवाला सगळ्यांवर. आणि दोन गटांचं नातं चार प्रकारचं: शत्रू, तटस्थ, मित्र, साथी. या दोन गोष्टींच्या गुणाकारातून स्कायरिममधली बहुतेक मारामारी जन्मते. रानातले हिंस्र प्राणी तुझ्यावर येतात ते तू त्यांचा शत्रू आहेस म्हणूनच असं नाही, त्यांचं अ‍ॅग्रेशन वरचं आणि तू अनोळखी, एवढंही पुरतं.

हे डोळ्याने बघायचं असेल तर असं कर. गेम रिव्हरवुड गावाजवळ सेव्ह कर, 'प्लेअर.सेटरेस' ने ड्रॉगर हो आणि ब्लीक फॉल्स बॅरो या जवळच्या थडग्यांच्या गुहेत उतर. आतल्या शवपेटीतून ड्रॉगर उठेल आणि तुझ्यावरच तलवार उगारेल, तू त्याच्यासारखाच दिसतोस तरी. आता तोच सेव्ह परत उघड, 'प्लेअर.अ‍ॅडटूफॅक्शन' ने स्वतःला ड्रॉगरच्या गटात घाल, आणि पुन्हा आत जा. तोच ड्रॉगर उठतो, पण धावून येत नाही. तू त्याच्या बाजूने निघून जातोस, निळ्या डोळ्यांची ती रांग तुझ्याकडे बघत नुसती उभी. तेवढ्या एका ओळीने सगळी गुहा तुझं घर होते. माझ्या क्लासमध्ये मी मेश-टेक्स्चर (अंगाचा आकार आणि कातडीचं चित्र) शिकवायच्या आधी हे करायला लावतो. ज्याला हे पाहून अंगावर काटा येतो, त्याच्या हातून मॉड पुरा होतो.

मॉडमध्ये हेच काम स्क्रिप्टने करायचं. मूळ गेमच्या गटांची नाती बदलत बसू नको. दुसऱ्या कोणाच्या मॉडने तोच गट बदललेला असला की दोघांपैकी एकाचंच चालतं. खेळाडूला गटात घालायचं आणि रूप उतरलं की गटातून काढायचं, एवढं पुरेसं आहे. काढायला विसरू नको, नाहीतर माणूस झाल्यावरही ड्रॉगर त्याला भाऊबंद समजत राहतात.

माणसांच्या बाजूचं काम जास्त नाजूक आहे. वेअरवुल्फच्या स्क्रिप्टमध्ये 'सेटअटॅकअ‍ॅक्टरऑनसाइट' आहे, म्हणजे दिसलास की मार. वेअरवुल्फला ते शोभतं. पण अख्खा गेम तसा खेळायचा म्हटलं तर ना दुकान, ना क्वेस्ट (कामगिरी), नुसती कापाकापी. मी असं सुचवीन: ही आज्ञा वस्तीत चालू, रानात बंद. खेळाडूला 'ऑनलोकेशनचेंज' ही घटना मिळते; नव्या ठिकाणाला 'लोकटाइपहॅबिटेशन' हा कीवर्ड आहे का बघायचं, असेल तर चालू, नसेल तर बंद. एक खाचखळगा आहे. रानात बऱ्याच ठिकाणी लोकेशनच नसतं, नोंद रिकामी येते. ती रिकामी आहे का हे आधी तपास, नाहीतर लॉगमध्ये (गेमच्या नोंदवहीत) चुका साचत जातात.

मग गावात जायचंच नाही का? जायचं, पण कोणाकडे तरी. इथे मला आपल्या भागाचं फार वाटतं. राक्षस म्हटलं की सगळ्यांनी मिळून मारायचा, असं आपल्याकडे कुठे आहे? चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत टाकल्याची कथा सांगतात आणि भीमकुंड दाखवतात. त्याच मेळघाटात कोरकू लोक होळीच्या दिवसांत मेघनाथाची पूजा करतात. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला रावणाची मूर्ती आहे आणि गाव तिला पुजतं. रावणाला आपला मानणारे गोंड लोक गडचिरोलीकडे आहेत. म्हणजे एकाच मुलखात एकासाठी जो वैरी, तो दुसऱ्यासाठी देव, तिसऱ्यासाठी पूर्वज. तुझ्या मॉडमध्ये हे आण. एक गट तुला बघताच हत्यार काढणारा. एक गट घाबरून पळणारा. त्यासाठी पात्रांचा 'कॉन्फिडन्स' खाली आणायचा, अगदी खालचा 'कावर्डली' असतो. आणि एक छोटं खेडं, चार-पाच घरांचं, जिथे तुला मान आहे, जिथे कोणीतरी तुझ्यासाठी ओट्यावर जेवण ठेवतं. त्या खेड्यातला एक माणूस दुकानदार कर. त्याला 'जॉबमर्चंटफॅक्शन' मध्ये घाल, शिवाय त्याचा स्वतःचा व्हेंडर गट बनव, त्यात दुकानाची वेळ आणि मालाची पेटी जोड. दोन्ही गट असल्याशिवाय देण्याघेण्याचं बोलणं निघत नाही. या एका खेड्याने तुझा मॉड खेळण्याजोगा होतो.

आणि मान देणारी ही माणसं खोटी वाटू नयेत, एवढं सांभाळ. पूजा करणारा माणूस भाबडा किंवा क्रूर दाखवायची सवय बाहेरच्या गेमांना आहे. आपण ज्यांच्या शेजारी राहतो त्यांच्याबद्दल तसं लिहू नये.

आता राक्षस कोणता? तू आपल्या भागातला म्हणालास म्हणून सांगतो, मारबत घे. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत (मिरवणुकीतले मोठे पुतळे) सगळ्यांना माहीत आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. पण तुझ्या माझ्या गावातही त्या सकाळी पळसाच्या फांद्या गावाबाहेर नेऊन टाकतात आणि पोरं ओरडत जातात, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" गावाची पीडा अंगावर घेऊन गावाबाहेर जाणारी. खेळायला याहून चांगलं पात्र मला सुचत नाही. तिच्यात कथा आहे आणि नियमही आहेत. नागपुरात तिला शेवटी जाळतात, म्हणून तिला आगीची कमजोरी दे, 50 टक्के. रोगराई तिच्या अंगावरच आहे, म्हणून रोग आणि विष तिला बाधत नाही. या दोन्ही गोष्टी 'अ‍ॅबिलिटी' प्रकारचे स्पेल करून रेसच्या नोंदीत जोडल्या की रेस बदलताच लागू होतात, वेगळी स्क्रिप्ट लागत नाही. वस्तीत दुखणाईत माणूस असेल तर त्याची पीडा काढून घ्यायची शक्ती दे, आणि त्याची किंमत म्हणून तिच्या स्वतःच्या 'हेल्थ' मधून काही काळ कापून घे. फुकट दिलेली शक्ती दोन दिवसांत बेचव होते.

मारबत माणसाच्या साच्याची आहे, म्हणजे पहिला रस्ता चालतो. ब्लेंडरमध्ये गेमचं मूळ अंग उघडायचं (पायनिफ्लाय हे अ‍ॅड-ऑन गेमच्या निफ, म्हणजे आकाराच्या, फाइल आत-बाहेर करतं), हात थोडे लांब, पोट मोठं, खांदे रुंद करायचे. पण सांगाड्याची हाडं हलवू नको आणि वेट्स (कातडीचा कोणता भाग कोणत्या हाडाबरोबर हलतो ते) मूळ अंगावरून नकलून घे, नाहीतर चालताना कोपराजवळ कातडी ताणून दोरीसारखी होते. टेक्स्चरसाठी नेटवरची चित्रं उचलू नको. पोळ्याच्या वेळी आपल्याकडे बांबू, कागद, चिंध्या, खळ लावलेलं कापड सगळं असतं. ढगाळ दिवशी, सावली पडणार नाही अशा उजेडात मोबाइलने जवळून फोटो काढ: चिकटवलेल्या कागदाच्या सुरकुत्या, रंगाचे ओघळ, बांबूची गाठ. ते फोटो गिंप किंवा क्रिटामध्ये नीट करून डीडीएस (गेमला लागणारा चित्राचा प्रकार) फाइल बनव. तुझ्या लॅपटॉपला 1024 चं टेक्स्चर पुरे आहे, 2048 च्या मागे लागू नको. कागदाची ती सुरकुती नॉर्मल मॅपमध्ये (उंच-सखलपणा दाखवणाऱ्या चित्रात) आली की गुहेतल्या मशालीच्या उजेडात जे दिसतं ते कुठल्याही तयार राक्षसाला येत नाही.

चिलखताचं एक लक्षात ठेव. नवीन रेसवर चिलखत घातलं आणि अंग गायब झालं किंवा चिलखतच दिसलं नाही, तर 'आर्मर अ‍ॅडऑन' मध्ये तुझी रेस नाही. नॉर्डच्या नकलेत 'आर्मर रेस' म्हणून मूळ रेस दिलेली ठेवलीस तर बराचसा त्रास वाचतो. पण रुंद पोटावर नॉर्डचं चिलखत आरपार जाणार. मारबतीला चिलखत नकोच, असा नियम कर आणि तिची कातडीच जाड कर.

आवाजासाठी गडचिरोली-चंद्रपूरकडचं कोणी ओळखीचं असेल तर बघ. झाडीपट्टीच्या नाटकांत राक्षस, यम, रावण करणारे कलाकार आहेत, त्यांचा आवाज माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत जातो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की त्यांना सवड नसते, त्याआधी पावसाळ्यात विचार. शांत खोलीत, पंखा बंद करून, मोनो वेव्हमध्ये रेकॉर्ड कर. मान देऊन विचार आणि त्यांचं नाव मॉडमध्ये लिही. पडद्यावरच्या अक्षरांचं मात्र अवघड आहे: गेमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन दिसतात. बोलणं मराठीत ऐकव आणि खाली रोमन लिपीत लिही, लोकांना कळतं.

मृतदेह खाण्याची शक्ती द्यायची असेल तर स्वतः काही शोधू नको. गेममधल्या नमिराच्या अंगठीचा पर्क (खास गुणाची नोंद) उघड. प्रेताजवळ गेल्यावर नवीन पर्याय कसा येतो ते त्यात तयार आहे.

गेमची सुरुवात राक्षस म्हणून करू नको. हेल्गेनची गाडी, ते मुंडकं छाटण्याचं दृश्य, सगळं माणसाच्या साच्यावर बसवलेलं आहे आणि जरा धक्का लागला की अडकतं. हेल्गेनमधून बाहेर पडल्यावर तुझी स्क्रिप्ट जागी होऊ दे, किंवा पर्यायी सुरुवात देणारे मॉड आहेत त्यांपैकी एक वापर. क्वेस्टचं म्हणशील तर मुख्य कथेतल्या लोकांशी बोलावंच लागतं, म्हणून वस्तीतली ती मारामारी बंद करायचा एक मार्ग खेळाडूच्या हातात ठेव. चेहरा झाकणारं घोंगडं, रात्रीची वेळ, काहीही. व्हँपायर होणं नवीन रेसला आपोआप जमत नाही, कारण मूळ गेममध्ये प्रत्येक रेसची व्हँपायर जोडी वेगळी लिहिलेली आहे. त्यासाठी रेस कंपॅटिबिलिटी नावाचा मॉड पाया म्हणून घेतात. तुला पहिल्या आवृत्तीत त्याची गरज नाही.

लॅपटॉपचं काहून घाबरतोस? गेमसाठी डिस्कवर 12 जीबी जागा लागते, 8 जीबी रॅम ही किमान अट तुझ्याकडे पुरी आहे. ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून 720 वर, सावल्या खाली आणून चालव. क्रिएशन किट उघडताना वेळ घेतं, उघडल्यावर चालतं. गेम डाउनलोड करायला मोबाइलचा डेटा जाळू नको, तालुक्याला कोणाच्या तरी ब्रॉडबँडवर रात्री लाव आणि पेनड्राइव्हवर स्टीमच्या बॅकअपने घरी आण. आपल्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच असते, म्हणून प्रत्येक बदलानंतर प्लगिन (मॉडची फाइल) सेव्ह कर आणि दिवसाच्या शेवटी तारखेच्या नावाने एक प्रत पेनड्राइव्हवर टाक. स्क्रिप्टमध्ये 'रजिस्टरफॉरअपडेट' वापरून दर सेकंदाला काही करत बसू नको. 'रजिस्टरफॉरसिंगलअपडेट' वापर, काम झालं की पुन्हा नोंद. सतत चालणारी स्क्रिप्ट साध्या मशीनवर साचत जाते आणि सेव्ह फाइलमध्ये रुतून बसते. आसपासच्या प्रत्येकावर नजर ठेवणारे 'क्लोक' स्पेलही त्याच कारणाने टाळ.

वाटायच्या आधी कायद्याचं बघ. दुसऱ्या मॉडमधलं अंग, टेक्स्चर, आवाज परवानगीशिवाय घालायचं नाही, आणि दुसऱ्या गेममधून काढलेला राक्षस तर नाहीच. नेक्सस मॉड्ससारख्या ठिकाणी असा मॉड काढून टाकतात, आणि ते बरोबरच आहे. तुझ्याकडे स्वतः काढलेले फोटो आणि ओळखीच्या माणसाचा आवाज असेल तर ही चिंता उरत नाही.

तपासणीसाठी गेमच्या आयएनआय फाइलमध्ये 'पॅपिरस' या भागात 'बीइनेबललॉगिंग', 'बीइनेबलट्रेस' आणि 'बीलोडडीबगइन्फॉर्मेशन' तिन्ही 1 कर. मग स्क्रिप्ट कुठे अडली ते लॉगमध्ये ओळीसकट येतं. वस्तीत शिर, बाहेर पड, सेव्ह कर, गेम बंद करून परत उघड, रूप उतरव, पुन्हा चढव. या क्रमाने दर बदलानंतर एक फेरी मार. आणि मॉड काढून टाकायची वेळ आली तर आधी गेममध्ये रूप उतरव, गटांतून बाहेर पड, सेव्ह कर, मग प्लगिन काढ. राक्षसाच्या रूपातच सेव्ह करून प्लगिन काढलं तर पुढच्या वेळी गेमला ती रेस सापडत नाही आणि तो सेव्ह हातचा जातो. तुझा मॉड जे उतरवून घेतील त्यांच्यासाठी ही सूचना अगदी पहिल्या ओळीत लिही. सोबत एक छोटा स्पेल दे, जो 'सेटरेस' ला मूळ रेस देऊन हे सगळं एका झटक्यात करतो. ती मूळ रेस तू पहिल्या बदलाच्या वेळीच वेअरवुल्फच्या स्क्रिप्टसारखी जपून ठेवलेली असली पाहिजे, म्हणून हा स्पेल शेवटी नको, मारबतीच्या अंगाला हात लावायच्या आधी बनव.